बेंगळुरूत हॉटेल सुरू करताय? ॲडव्हान्स देण्याआधी एवढे तपासा

बेंगळुरूत खानावळ, पोळी-भाजी केंद्र किंवा छोटे हॉटेल सुरू करू इच्छिणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: कोणकोणते परवाने लागतात? त्याचे उत्तर खाली दिले आहे. पण परवाना ही नंतरची पायरी आहे. त्याआधी जागा ठरते, आणि छोट्या हॉटेलात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त पैसा अडकतो तो जागेतच. जागेच्या कागदपत्रांत खोट निघाली, तर परवाना नाकारला जाऊ शकतो, वीजजोड अडू शकतो, बँक मागे हटू शकते. मालकाकडे दिलेली रक्कम मात्र तोवर गेलेली असते. म्हणून सुरुवात जागेपासून करू.

ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला बेंगळुरूत तीन शब्द हमखास चकवतात. पहिला ‘ॲडव्हान्स’. आपल्याकडे ॲडव्हान्स म्हणजे आगाऊ दिलेले भाडे किंवा इसार. बेंगळुरूत ॲडव्हान्स म्हणजे अनामत रक्कम, म्हणजेच डिपॉझिट. ती भाड्यातून वळती होत नाही, आणि दहा महिन्यांच्या भाड्याएवढी मागण्याची या शहरात जुनी रीत आहे. दुसरा शब्द ‘लीज’. बेंगळुरूत, विशेषतः घरांच्या बाबतीत, लीज म्हणजे मोठी रक्कम एकदम मालकाकडे ठेवायची आणि दरमहा भाडे द्यायचे नाही असा व्यवहार. दलालाने ‘लीज’ म्हटले, तर त्याला नेमके काय म्हणायचे आहे हे आधी विचारून घ्या. तिसरा ‘खाता’. हे बँकेचे खाते नव्हे. महापालिकेच्या मालमत्ता नोंदवहीतील नोंदीला इथे खाता म्हणतात. ही नोंद कर आकारणीसाठी असते. केवळ खाता दाखवला म्हणून बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झाले आहे, असे धरून चालू नका.

जागेचे कागद

मालकाकडे मागायचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. बेंगळुरूत सगळे त्याला ओसी म्हणतात. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली गेली आहे आणि वापरण्यास योग्य आहे, असे स्थानिक संस्थेने दिलेले हे प्रमाणपत्र आहे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत बांधकामांबाबत देशभरासाठी निर्देश दिले. अनधिकृत इमारतीत कोणत्याही व्यवसायाला परवाना देऊ नये, वीज व पाणीजोड पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावेत, आणि बँकांनीही इमारत तारण ठेवून कर्ज देताना हे प्रमाणपत्र तपासावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. या निर्देशांनंतर २०२५ मध्ये बेंगळुरूत ओसी नसलेल्या अनेक इमारतींचे नवे वीजजोड रखडले. पुढे राज्य सरकारने १,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांवरील लहान निवासी इमारतींना सवलत दिली. हॉटेलची जागा मात्र त्या सवलतीच्या भरवशावर घेऊ नका.

यानंतर रस्ता मोजा, शब्दशः टेप लावून. निवासी पट्ट्यात ४० फुटांपेक्षा अरुंद रस्त्यावरील व्यवसायांना परवाना मिळण्यात अडचण येते. शेजारी दोन हॉटेले चालू आहेत, हा पुरावा धरू नका. ती कोणत्या परवान्यावर चालतात, चालतात तरी का, हे तुम्हाला ठाऊक नसते. जागा ज्या महापालिकेच्या हद्दीत येते तिथे जाऊन ‘या पत्त्यावर खाद्य व्यवसायाला ट्रेड लायसन्स मिळेल का’ असे विचारणे अधिक खात्रीचे. यात दोन फेऱ्या होतील. होऊ द्या.

इथे एक ताजा बदल लक्षात ठेवा. बीबीएमपी ही एकच महापालिका आता राहिलेली नाही. २ सप्टेंबर २०२५ पासून ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाखाली मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा पाच महापालिका झाल्या आहेत. जुन्या माहितीपत्रकांत आणि दलालांच्या बोलण्यात अजून बीबीएमपी हेच नाव येते. आपली जागा पाचपैकी कोणाकडे येते, ते आधी पाहा.

कागद बरोबर असतील तर करारनामा करा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदणीकृत असावा लागतो. पुष्कळजण अकरा महिन्यांचा कागद करून मोकळे होतात. घरासाठी ते चालून जाते. पण ज्या जागेत तुम्ही ओटा, धुराडे, निचरा, टाइल्स यांवर लाखो रुपये घालणार, तिथे अकरा महिन्यांची मुदत म्हणजे मालकाच्या मर्जीवर चाललेला धंदा. करारात आणखी एक अट लिहून घ्या: इमारतीच्या कागदपत्रांमुळे परवाना किंवा वीजजोड नाकारला गेल्यास संपूर्ण अनामत ठरावीक दिवसांत परत मिळेल. मालक ही अट मान्य करत नसेल, तर का करत नाही, याचा विचार करा.

आधी पदार्थ, मग चौरस फूट

आधी जागा बघून मग मेनू ठरवणाऱ्यांना ओटा तरी कमी पडतो किंवा भाडे तरी जास्त पडते. बेंगळुरूची दर्शिनी हॉटेले याबाबत शिकण्यासारखी आहेत. १९८३ मध्ये जयनगरात कॅफे दर्शिनी सुरू झाले आणि ही पद्धत शहरभर पसरली: आधी पैसे, मग टोकन, उभ्याने खाणे, मोजके पदार्थ. गिऱ्हाईक खुर्ची अडवत नाही, त्यामुळे थोड्या जागेत दिवसभरात पुष्कळ माणसे जेवून जातात. पण प्रत्येक जेवणाला हे लागू होत नाही. पोहे, साबुदाणा खिचडी, वडापाव उभ्याने खाता येतो. थाळी, भाकरी-पिठले, पुरणपोळी यांना बसायला जागा हवी आणि गरम वाढणारा माणूसही हवा. एचएसआर लेआउटमध्ये जयंती कठाळे यांनी सुरू केलेले ‘पूर्णब्रह्म’ हे बसून जेवण्याचे, पूर्ण मराठी थाळीचे उदाहरण या शहरात आहे. दोन्ही वाटा खुल्या आहेत, पण दोन्हींचा खर्च सारखा नाही. थाळी दर्शिनीच्या दरात आणि दर्शिनीच्या जागेत बसवायला गेलात, तर हिशेब जुळणार नाही.

पैसा किती, आणि कधी हातात येतो

एक काल्पनिक पण साधा हिशेब करू. भाडे महिना ६०,००० रुपये. दहा महिन्यांची अनामत म्हणजे ६ लाख. परवाने, ओटा, भांडी, फ्रीज यांना दोन-तीन महिने लागले, तर एक चहाही न विकता १ लाख २० हजार ते १ लाख ८० हजार भाडे जाते. मालकाकडून भाडेमाफीचा काळ मागून घ्या. बेंगळुरूत व्यापारी गाळ्यांना तो मिळू शकतो, पण मागावा लागतो. उघडल्यानंतरचे किमान सहा महिन्यांचे भाडे आणि पगार बाजूला ठेवता येत नसतील, तर जागा लहान घ्या.

आता सरकारी योजनांकडे येऊ. इथे गैरसमज फार आहेत.

हॉटेलसाठी विचारात घ्यावी अशी अनुदानाची मुख्य योजना म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, अर्थात पीएमईजीपी. सेवा क्षेत्रात २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प यात बसतो. शहरी भागात सर्वसाधारण प्रवर्गाला १५ टक्के अनुदान आणि १० टक्के स्वतःचा हिस्सा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग अशा विशेष प्रवर्गाला २५ टक्के अनुदान आणि ५ टक्के स्वतःचा हिस्सा. म्हणजे १२ लाखांच्या प्रकल्पात सर्वसाधारण प्रवर्गातील अर्जदार स्वतःचे १ लाख २० हजार घालतो आणि अनुदान १ लाख ८० हजार होते. महिला अर्जदार ६० हजार घालते आणि अनुदान ३ लाख होते. सेवा क्षेत्रातील ५ लाखांवरील प्रकल्पासाठी किमान आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. मद्य देणाऱ्या हॉटेलांना ही योजना नाही.

दोन गोष्टी नीट वाचा. हे अनुदान रोख हातात पडत नाही. बँक आधी कर्ज देते, अनुदानाची रक्कम तीन वर्षे मुदत ठेवीसारखी तुमच्या नावे राहते आणि नंतर कर्जात वळती होते. तेव्हा ‘अनुदान आले की अनामत भरू’ हे गणितच चुकीचे आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: ही योजना फक्त नव्या उद्योगासाठी आहे. हॉटेल सुरू करून मग अर्ज केला, तर तुम्ही अपात्र ठरता. म्हणून जागा नक्की करा, मालकाचे संमतिपत्र घ्या, अर्ज करा, बँकेचा निर्णय येऊ द्या आणि मगच शटर उघडा. मालक तोवर थांबायला तयार नसतो, हे खरे आहे. अशा वेळी थोडी रक्कम देऊन वरची परतीची अट लेखी घेणे हाच मधला मार्ग. योजनेला २०२५-२६ पर्यंत मंजुरी देण्यात आली होती, त्यामुळे अर्जाआधी तिची चालू स्थिती जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. महाराष्ट्रातले जातीचे प्रमाणपत्र घेऊन विशेष प्रवर्गातून अर्ज करणार असाल, तर ते इथे ग्राह्य धरतील का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या.

मुद्रा हे अनुदान नव्हे, विनातारण कर्ज आहे. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तरुण कर्ज घेऊन नीट फेडणाऱ्यांसाठी २० लाखांपर्यंतचा तरुण प्लस गट आहे. गाडीवर विक्री करणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधी आहे. तिची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली असून पहिले कर्ज १५ हजार, दुसरे २५ हजार आणि तिसरे ५० हजारांपर्यंत मिळते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची पीएमएफएमई योजना पुष्कळांना हॉटेलसाठी वाटते, पण ती पापड, लोणची, मसाले, चटण्या अशा प्रक्रिया उद्योगांसाठी आहे, हॉटेलसाठी नाही. उद्यम नोंदणी मात्र सगळ्यांनी करावी. ती विनामूल्य आहे.

परवाने

खाद्य व्यवसायाला, घरून डबे देणाऱ्यालाही, एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. अर्ज फॉसकॉस या संकेतस्थळावर करायचा. २०११ च्या नियमावलीत वार्षिक १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये शुल्क, तर त्यापुढे २० कोटींपर्यंत राज्य परवाना आणि हॉटेलसाठी वर्षाला २,००० रुपये शुल्क ठेवले होते. १२ लाख म्हणजे दिवसाला सुमारे ३,३०० रुपयांचा गल्ला. बसून जेवणाचे हॉटेल तो सहज ओलांडते. मर्यादा आणि शुल्क यांत बदल होत असतात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावर जे दिसेल तेच धरा. मिळालेला १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावायचा आणि बिलावरही छापायचा असतो. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची दरवर्षी वैद्यकीय तपासणी करणेही बंधनकारक आहे.

स्वयंपाकघरातील काही सवयी कर्नाटकात आता थेट कारवाईचा विषय झाल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये राज्याने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये इडली उकडताना प्लास्टिक वापरण्यावर. इडलीला पूर्वीसारखे सुती कापडच वापरा.

महापालिकेचे ट्रेड लायसन्स आर्थिक वर्षासाठी असते, नूतनीकरण विसरू नका. दुकाने व आस्थापना कायद्याची नोंदणी सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत कामगार विभागाकडे करायची. दहा कर्मचारी झाले की ईएसआय, वीस झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो.

नामफलकाचा नियम मराठी मालकांनी विशेष लक्षात घ्यावा. २०२४ च्या कायदादुरुस्तीनुसार फलकावर किमान ६० टक्के भाग कन्नडचा हवा, आणि तोही वरच्या बाजूला. देवनागरीत नाव लिहायला मनाई नाही, पण ते उरलेल्या भागात बसवा. फलक रंगवण्याआधी कन्नड अक्षरे एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्या. ळ, च, ज यांचे मराठी उच्चार कन्नडात उतरवताना नावाचे भलतेच काही होऊ शकते.

जीएसटी: इथे हिशेब फिरतो

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे. दिवसाला साधारण साडेपाच हजारांची विक्री झाली, की तुम्ही तिथे पोहोचता. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआय व्यवहारांवरून बेंगळुरूतील अनेक छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. काहींनी घाबरून ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. पाटी लावून उलाढाल कमी होत नाही. पहिल्या दिवसापासून विक्रीची वही ठेवा आणि घरचे यूपीआय खाते धंद्याला वापरू नका.

साध्या हॉटेलला ५ टक्के दर आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे फ्रीज, ग्राइंडर, भांडी यांची किंमत करासह धरा. भाड्याचेही तसेच. १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि भाडेकरू नोंदलेला असेल, तर व्यापारी जागेच्या भाड्यावरील १८ टक्के कर भाडेकरूने भरायचा आहे. मालक नोंदलेला असेल, तर तो बिलातच लावेल. आपल्या उदाहरणातील ६०,००० भाड्यावर हे महिना १०,८०० होतात, वर्षाला १ लाख २९ हजार ६००. भाडे ठरवताना हा आकडा कोणी सांगत नाही. कंपोझिशन योजनेतील व्यावसायिकांना मालक नोंदलेला नसताना भाडेकरूने भरायच्या या करातून वगळले आहे, पण त्या योजनेत ग्राहकाकडून कर घेता येत नाही. स्विगी-झोमॅटोवर विक्री करणार असाल, तर कोणता पर्याय घ्यावा, हे कर सल्लागाराला विचारून ठरवा. या कंपन्यांच्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही पदार्थाचा भाव ठरवताना धरा.

पाणी, गॅस, आग

बेंगळुरूत जागा पाहताना पाण्याचा प्रश्न भाड्याइतकाच नेटाने विचारा. कावेरीचा जोड आहे का, बोअरवेल उन्हाळ्यात चालते का, टँकर गल्लीत येऊ शकतो का? २०२४ च्या उन्हाळ्यात शहराने मोठी टंचाई पाहिली, आणि जलमंडळाने हॉटेलांसह व्यापारी आस्थापनांना नळांवर एरेटर बसवणे सक्तीचे केले. शक्य असेल तर जागा एप्रिल-मेमध्ये पाहा. पावसाळ्यात सगळ्याच इमारतींना पाणी असते.

हॉटेलात १९ किलोचा व्यापारी सिलिंडरच वापरायचा. घरगुती सिलिंडर वापरणे गुन्हा आहे. वेगळ्या परवान्याशिवाय १०० किलोपर्यंतच एलपीजी साठवता येतो, म्हणजे पाच सिलिंडर, सहावा नाही. तळघरात स्वयंपाकघर नको. बाहेर पडायला दुसरा दरवाजा हवा आणि तो खोक्यांनी अडलेला नको. रात्री कामगारांना हॉटेलातच झोपू देण्याची पद्धत सोयीची वाटते, पण ८ जानेवारी २०१८ च्या पहाटे कलासीपाळ्य येथील एका बारमध्ये लागलेल्या आगीत आत झोपलेले पाच कामगार गेले. कामगारांच्या निवासासाठी वेगळी खोली हा खर्च पहिल्याच आराखड्यात लिहा.

कुठे विचारावे

योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्र, ट्रेड लायसन्ससाठी आपल्या हद्दीची महापालिका, अन्न परवान्यासाठी फॉसकॉस. पीएमईजीपी आणि उद्यम या दोन्हींचे अर्ज विनामूल्य आहेत आणि त्यांसाठी कोणताही एजंट नेमलेला नाही. ‘कर्ज मंजूर करून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणारा फोन आला, तर तो सरकारी नाही.